बहुराष्ट्रीय उद्योगांतील नेतृत्व आणि आपले विद्यार्थी
(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यासाठी संस्थेने मला जो विषय दिला आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे नेतृत्व हा विषय बड्या शहरांतील व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत शोभतो; आपल्या सभागृहात त्याचे काय काम? माझे उत्तर असे की, त्याचे काम येथेच अधिक आहे. आपल्या मागच्या पिढीने रेल्वे, टपाल, गोदी, नगरपालिका, बँका आणि शिक्षण खाते येथे नोकऱ्या केल्या व त्यांच्या बळावर मुलांना शिकविले. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले. सरकारी जागा आटत गेल्या आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे परदेशी कंपन्यांची दालने उघडत गेली. अनुसूचित जातींसाठी असलेले नोकरीतील आरक्षण खाजगी क्षेत्राला लागू नाही. म्हणजे आपला विद्यार्थी तेथे जाईल तो स्वतःच्या गुणांवर जाईल, आणि गेल्यावर त्याच्यावर कोणाची सत्ता चालते, ती कशी चालते, ती न्यायाची की अन्यायाची हे त्याला स्वतःच ओळखावे लागेल. आज ना उद्या त्यालाही चार माणसांचे पुढारपण करावे लागेल. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ज्या कंपनीचे मुख्य कार्यालय एका देशात असते आणि कारखाने, कचेऱ्या, कामगार अनेक देशांत असतात तिला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात. हिंदुस्थान लिव्हर, सीमेन्स, फिलिप्स ही नावे आपण लहानपणापासून साबणाच्या वडीवर, पंख्यावर, रेडिओवर वाचत आलो. पूर्वी अशा कंपन्यांचे मुख्य साहेब विलायतेहून येत. हिंदुस्थान लिव्हरला प्रकाश टंडन हे पहिले भारतीय अध्यक्ष लाभले ते १९६१ साली. आज चित्र बरेच पालटले आहे. पुण्याच्या खडकीत जन्मलेले अजय बंगा २०१० ते २०२० या काळात मास्टरकार्ड या अमेरिकन कंपनीचे प्रमुख होते आणि २०२३ पासून ते जागतिक बँकेचे अध्यक्ष आहेत. इंद्रा नूयी यांनी २००६ ते २०१८ पेप्सिको कंपनी चालविली, तर सत्या नडेला २०१४ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले. ही नावे अभिमानाने घ्यावीत. परंतु एक माणूस वर गेला म्हणजे खालच्या हजारोंचे कामाचे ठिकाण आपोआप न्यायाचे होते असे नाही. म्हणून नेत्याच्या चरित्रापेक्षा नेतृत्वाची रीत तपासणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अशा कंपनीत नेतृत्व करणे अवघड का? कारण अधिकारी एका देशाचा, कामगार दुसऱ्या देशाचा आणि मालक तिसऱ्याच देशाचा असतो. वरिष्ठाशी कसे बोलावे, चूक झाली तर ती सांगावी की लपवावी, 'होय' म्हणजे खरोखर होकार की केवळ आदर, याच्या समजुती प्रत्येक समाजात निराळ्या असतात. हेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिकांचा अभ्यास केला आणि १९८० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक कल्पना आपल्या फार उपयोगाची आहे. तिला आपण 'सत्तेचे अंतर' म्हणू. वरचा आणि खालचा यांच्यातील विषमता खालच्या माणसाने किती मुकाट्याने स्वाभाविक मानावी, याचे ते माप आहे. या मापावर अमेरिकेचा अंक ४०, जपानचा ५४ आणि भारताचा ७७ आला. आपल्या समाजात साहेबाला प्रश्न विचारणे किती जड जाते हे सांगायला खरे तर आकड्यांची गरज नाही; उतरंडीच्या समाजात जन्मलेल्या आपल्याला ते अनुभवाने ठाऊक आहे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. हा अभ्यास एकाच कंपनीतील माणसांचा होता आणि हे आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत. त्यांवरून समोरच्या एका माणसाचा स्वभाव ठरवू नये. जपानी माणूस असाच, भारतीय माणूस तसाच, असे म्हणणारा अधिकारी पुढारी होण्यास अपात्र समजावा. अमक्या घरात जन्मला म्हणून तो अमुक प्रकारचाच असणार, या न्यायाचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत.

आता मी आपल्यापुढे तीन उदाहरणे ठेवतो. तिन्ही मोटारींच्या कारखान्यांतील आहेत आणि तिन्ही जगजाहीर आहेत.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. कॅलिफोर्निया राज्यात फ्रेमाँट या गावी जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना होता. तेथे व्यवस्थापन आणि कामगार यांचे हाडवैर होते. गैरहजेरी प्रचंड, तक्रारींचे ढीग, दारू, मारामाऱ्या, निकृष्ट गाड्या अशी त्या कारखान्याची कीर्ती होती. १९८२ साली कंपनीने तो बंद केला आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. पुढे जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा कंपनी यांनी भागीदारी करून तोच कारखाना १९८४ साली पुन्हा सुरू केला. 'न्यूमी' या नावाने तो ओळखला गेला. तात्सुरो टोयोडा हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. नव्या कारखान्यात घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि त्यांची युनियनही जुनीच होती. थोड्याच काळात गैरहजेरी अगदी किरकोळ झाली आणि त्या कारखान्याच्या गाड्या गुणवत्तेत अमेरिकेतील उत्तम गाड्यांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. इमारत, गाव, माणसे, युनियन काहीच बदलले नव्हते. मग बदलले काय?

बदलली ती वागविण्याची रीत. शेकडो कामगारांना आणि गटप्रमुखांना जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात नेऊन, तेथील कामगारांच्या शेजारी उभे करून काम शिकविले गेले. अधिकाऱ्यांचे वेगळे भोजनगृह नव्हते. सर्वांनी एकाच ठिकाणी जेवायचे. अधिकाऱ्यांसाठी मोटारी लावण्याच्या राखीव जागा नव्हत्या. जुन्या कारखान्यात कामाच्या ऐंशीच्या वर प्रतवाऱ्या होत्या, त्या मोडून मोजक्याच ठेवल्या आणि लहान लहान गट केले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती दोरी. असेंब्ली लाईनच्या वरून एक दोरी गेलेली असे. काम चुकले, भाग नीट बसला नाही, हात अडकला, तर कोणत्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की दिवा लागे, सूर वाजे आणि गटप्रमुख धावत येई. दोष तेवढ्यात दूर झाला नाही तर लाईन थांबे. जुन्या व्यवस्थेत लाईन थांबविणे म्हणजे घोर अपराध. गाडी सदोष गेली तरी चालेल, लाईन चालू राहिली पाहिजे, असा तेथे दंडक होता. नव्या व्यवस्थेत सर्वांत खालच्या माणसाच्या हातात सगळा कारखाना थांबविण्याचा अधिकार आला.

मित्रहो, या दोरीचा विचार करा. दोरी टांगणे सोपे असते. ती कोणीही टांगील. पण ती ओढल्यावर गटप्रमुख 'कोणी ओढली?' असे दरडावत आला तर दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी हात लावणार नाही. तो 'काय अडचण आहे, मी काय मदत करू?' असे विचारत आला तरच ती दोरी खरी. म्हणजे नेतृत्वाचा कस लागतो तो खालच्या माणसाने वाईट बातमी आणल्यानंतरच्या पहिल्या क्षणी. १९८८ च्या सुमारास त्या कारखान्याच्या गाड्यांची मागणी बरीच घसरली होती. जुन्या पद्धतीप्रमाणे शेकडो लोक घरी बसविले गेले असते. पण कोणाला कमी करणार नाही असा शब्द करारात दिला होता आणि तो व्यवस्थापनाने पाळला. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिले, सुधारणांची कामे दिली. शब्द पाळला गेला म्हणून विश्वास बसला आणि विश्वास बसला म्हणून दोरी ओढली गेली. हा क्रम उलटा होत नाही.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या देशातील दुसऱ्या कारखान्यांत ही रीत नेणे जनरल मोटर्सला फार जड गेले. दोरी, दिवे, तक्ते यांची नक्कल करता आली, पण आपला अधिकार सोडण्याची अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. पुढे २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली व या भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटाने १ एप्रिल २०१० रोजी तो कारखाना बंद केला आणि हजारो कामगारांचे काम गेले. त्याच जागेत पुढे टेस्ला कंपनी आली. म्हणजे खालच्या पातळीवर उत्तम नेतृत्व असले तरी अखेरचा निर्णय दूर देशीच्या मुख्य कार्यालयात होतो, ही बहुराष्ट्रीय कंपनीची जात आहे. तिला विसरून भाबडे होऊ नये.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. तेथे परका माणूस जपानमध्ये गेला. निस्सान ही जपानची मोठी मोटार कंपनी १९९९ साली सुमारे २ लाख कोटी येनच्या कर्जाखाली वाकली होती. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने तिचे ३६.८ टक्के भाग घेतले आणि कार्लोस गोन यांना तेथे धाडले. हे गृहस्थ ब्राझीलमध्ये जन्मलेले, लेबनीज कुळातले, फ्रान्समध्ये शिकलेले. त्यांना जपानी भाषा येत नव्हती. ज्या देशात वयाचा आणि ज्येष्ठतेचा मान मोठा, तेथे पंचेचाळीस वर्षांचा परदेशी माणूस वर येऊन बसला होता. त्यांनी आरंभी एक गोष्ट शहाणपणाची केली. सुटकेची योजना पॅरिसहून तयार करून आणली नाही. कंपनीतीलच मधल्या फळीच्या माणसांचे नऊ गट पाडले. प्रत्येक गटात निरनिराळ्या खात्यांची साधारण दहा माणसे घेतली. जी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हती त्यांना एका टेबलाशी बसविले आणि तीन महिन्यांत उपाय सुचवा, कोणताही विषय वर्ज्य नाही, असे सांगितले. रोग कोठे आहे हे आतल्या माणसांना ठाऊकच होते. त्यांना विचारणारा कोणी नव्हता.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी काळजी घेतली. एकाच इंग्रजी शब्दाचा अर्थ फ्रेंच माणूस एक घेई, जपानी माणूस दुसराच घेई. म्हणून 'वचन', 'अधिकार', 'उद्दिष्ट' अशा महत्त्वाच्या शब्दांचे अर्थ ठरवून त्यांचा एक कोशच कंपनीने तयार केला. आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण निम्मे तंटे शब्दांच्या वेगवेगळ्या अर्थांमुळे होतात हे कोणत्याही संस्थेच्या चिटणिसाला विचारावे. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांनी योजना जाहीर केली आणि पुढील आर्थिक वर्षात नफा दाखविला नाही तर आपण व आपले सहकारी पद सोडू असेही सर्वांसमक्ष सांगितले. त्या वर्षी कंपनीस सुमारे ३३ हजार कोटी येन नफा झाला. हे यश फुकट मिळाले नाही. पाच कारखाने बंद झाले आणि २१,००० जागा कमी झाल्या. ज्यांच्या चुली त्यात विझल्या त्यांच्या दृष्टीने ही सुटका नव्हती, हेही इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

पुढे काय झाले? गोन यांची कीर्ती जगभर पसरली. २००५ पासून ते निस्सान आणि रेनॉ या दोन्ही कंपन्यांचे मुख्य अधिकारी झाले आणि २०१६ मध्ये मित्सुबिशी मोटर्सचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी, आपले वेतन सरकारी कागदपत्रांत कमी दाखविल्याच्या आरोपावरून त्यांना टोकियोत अटक झाली. त्यांनी आरोप साफ नाकारले. २०१९ च्या अखेरीस जामिनावर असताना ते जपानमधून निसटून लेबनॉनला गेले, त्यामुळे त्यांच्यावरील खटला न्यायालयात पुरा झाला नाही. आरोप खरे की खोटे हे आपण ठरवू शकत नाही. पण निस्साननेच नेमलेल्या सुधारणा समितीने २०१९ साली जो अहवाल दिला, त्यात सारी सत्ता एका माणसाच्या हाती एकवटल्यावर बोट ठेवले होते. इतके आपल्याला पुरे आहे. ज्या माणसाने १९९९ साली सर्वांना प्रश्न विचारून कंपनी सावरली, त्याला पुढे प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. यशस्वी पुढाऱ्याला खरा धोका त्याच्या यशापासूनच असतो. लोक त्याला इतके मानू लागतात की त्याच्या वहीचा हिशेब पाहण्याची त्यांना लाज वाटते.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. १९८२ साली मारुती उद्योग या सरकारी कंपनीने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी हरियाणातील गुडगाव येथील कारखान्यातून आलेली पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. गाडीइतकीच चर्चा त्या कारखान्यातील वागणुकीची झाली. व्यवस्थापकीय संचालकापासून कामगारापर्यंत सर्वांना एकच गणवेश आणि सर्वांना एकच कॅन्टीन. साहेबाने रांगेत उभे राहून ताट घ्यायचे आणि कामगाराच्या शेजारी बसून जेवायचे.

बंधू-भगिनींनो, भारतात एका पंक्तीला बसण्याचा अर्थ काय होतो हे या सभागृहाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याला विटाळ आड येई. त्या खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळाची किंमत रोख पैशांत मोजावी लागत होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट म्हणता, तर आधी कामगाराकामगारांतील ही भिंत पाडा, असा त्यांचा आग्रह होता. त्या पार्श्वभूमीवर मारुतीतील एका पंक्तीचे जेवण ही लहान गोष्ट नव्हती.

पण पुढे याच कंपनीचा दुसरा कारखाना मानेसर येथे उभा राहिला. तेथे गणवेश एकच होता, कॅन्टीनही एकच होते. मात्र एकाच लाईनवर, एकाच प्रकारचे काम करणारे कामगार दोन प्रकारचे होते. काही कायम, आणि फार मोठ्या संख्येने कंत्राटी व शिकाऊ. कंत्राटी कामगाराचा पगार कायम कामगाराच्या मानाने फारच कमी. लाईनचा वेग मोठा, चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची. २०११ साली कामगारांनी स्वतःची वेगळी युनियन काढू म्हटले, त्यावरून जून ते ऑक्टोबर या काळात पुनःपुन्हा संप आणि टाळेबंदी झाली. १८ जुलै २०१२ रोजी एक सुपरवायझर आणि एक कामगार यांच्या भांडणातून दंगल उसळली. सुपरवायझरने जातिवाचक शिवी दिली असे युनियनचे म्हणणे होते, तर कामगारानेच मारहाण केली असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. कारखान्यात आग लावली गेली आणि मनुष्यबळ विभागाच्या एका व्यवस्थापकाचा त्यात जीव गेला. अनेकजण जखमी झाले. पाचशेहून अधिक कायम कामगारांना कामावरून काढण्यात आले. २०१७ साली गुडगावच्या न्यायालयाने ३१ कामगारांना दोषी ठरविले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. या ११७ जणांपैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे तुरुंगात काढली होती.

हिंसेचे समर्थन कोणीही करू नये. एका माणसाचा जीव गेला आणि त्याचे कुटुंब उघडे पडले; याला कसलेही उत्तर नाही. परंतु ही वेळ का आली हे विचारणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. समतेचे बाह्य रूप उरले होते, तिचा आशय ओसरला होता. ताट एक आणि पगारपत्रके दोन. दोरी होती, पण ती गाडीतील दोषासाठी होती. माणसाच्या गाऱ्हाण्यासाठी दोरी नव्हती. जो कामगार फ्रेमाँटला लाईन थांबवून बोलू शकत होता, त्याला मानेसरला आपली युनियन नोंदवून घेण्यासाठी महिनोन्‌महिने झगडावे लागले. पंक्तीला बसविणे ही सुरुवात असते. बसविल्यानंतर त्या माणसाचे ऐकणे आणि त्याला रास्त वाटा देणे, येथपर्यंत गेले तरच ते नेतृत्व टिकते.

या तीन उदाहरणांनंतर एका नाजूक विषयाकडे वळतो. आपली कित्येक मुले-मुली आता अमेरिकेत आणि युरोपात काम करतात. तेथील वरिष्ठाला वर्णभेद म्हणजे काय हे ठाऊक असते, जात म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने सगळे भारतीय सारखेच. पण त्या भारतीयांच्या गटात आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, जेवणाचा डबा न्याहाळला जातो, अशा तक्रारी पुढे आल्या आहेत. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाच्या तक्रारीवरून दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरील व्यक्तिगत दावा त्या खात्याने मागे घेतला. परंतु विषय आता झाकला जाण्यासारखा राहिला नव्हता. ॲपल कंपनीने आपल्या वर्तणुकीच्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदास बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने केलेल्या तशाच विधेयकावर मात्र तेथील राज्यपालांनी सही केली नाही. यातून नेतृत्वाविषयी एक धडा मिळतो. अनेक देशांच्या माणसांवर अधिकार चालविणाऱ्याने त्यांच्या समाजातील उतरंडही शिकून घेतली पाहिजे. 'आमच्याकडे सगळे समान' एवढे म्हणून भागत नाही. विषमता कोणत्या दाराने आत येते हे त्याला ओळखता आले पाहिजे. आणि ते त्याला शिकविण्याचे काम, न लाजता व न चिडता, आपल्याच मुलांना करावे लागणार आहे.

आता विद्यार्थी मित्रांसाठी चार गोष्टी सांगून आवरते घेतो.

पहिली गोष्ट, इंग्रजीवर प्रभुत्व मिळवा, पण त्याहून अधिक स्पष्ट बोलण्याची सवय लावा. समजले नाही तर 'समजले नाही' म्हणा. आपल्याला मान खाली घालून ऐकण्याची सवय लावली गेली. ती सवय नव्या कचेरीत नम्रता न ठरता उणीव ठरते.

दुसरी गोष्ट, आपल्या हाताखाली माणसे आली की त्यांना दोरी द्या. तुमची चूक तुम्हाला सांगण्याची हिंमत तुमच्या शिपायात आणि नव्या उमेदवारात आहे की नाही, यावर तुमचे पुढारपण मोजा. सोसलेला माणूस अधिकार मिळताच स्वतःच दरडावू लागतो, असेही आपण पाहतो. ती साखळी तुमच्यापाशी तुटली पाहिजे.

तिसरी गोष्ट, शब्द मोजून द्या आणि दिला की पाळा. परक्या देशात तुमची जात, धर्म, भाषा कोणी जाणणार नाही. पण अमुक माणूस बोलतो तसे करतो, एवढे सर्व देशांच्या माणसांना समजते.

चौथी गोष्ट, कोणत्याही कंपनीवर आंधळी भक्ती ठेवू नका. काम प्रामाणिकपणे करा, पण नेमणुकीचे पत्र, पगाराचे नियम, तक्रारीची रीत ही सर्व वाचून ठेवा. कंत्राटावर असाल तर कंत्राट वाचा. फ्रेमाँटच्या कामगारांनी उत्तम काम केले, तरी कारखाना बंद झाला. म्हणून हातात नेहमी दुसरे कौशल्य असू द्या आणि गाठीला चार पैसे असू द्या.

शेवटी पदाधिकारी मित्रांना एक विनंती. हे सगळे निकष केवळ परदेशी कंपन्यांना लावून आपण मोकळे होऊ नये. आपल्या संस्थाही लहान प्रमाणावर नेतृत्वाच्या शाळाच आहेत. आपल्या सभेत तरुण मुलीने उठून हिशेबाविषयी प्रश्न विचारला तर आपण तिला बसवितो की उत्तर देतो? एकच माणूस वर्षानुवर्षे एकाच खुर्चीवर असतो की दुसरी फळी तयार होते? जे काम करतात त्यांना निर्णयात वाटा असतो की केवळ सतरंज्या उचलण्यात? विद्यार्थी आपल्याकडे पाहून शिकत असतात. प्रश्न विचारण्याची सवय त्यांना येथे लागली तर ती टोकियोत आणि सिएटलमध्येही टिकेल. येथे लागली नाही, तर कोणतेही व्यवस्थापनाचे महाविद्यालय ती लावू शकेल असे मला वाटत नाही.